शंभरातली चौदा बोंडं

"चौदा," मी म्हटलं.

उदेभानकाका माझ्यासमोर उकिडवे बसले होते. आमच्या दोघांच्या मधे गोणपाट, आणि त्यावर उभी चिरलेली शंभर हिरवी बोंडं. ओळीतल्या नऊ घरांच्या वावरांतून मी प्रत्येकी अकरा तोडून आणली होती आणि शंभर पुरी करायला काकांच्याच वावरातून एक जास्त घेतलं होतं. चौदांमध्ये गुलाबी अळी होती. बाहेरून बोंड ठणठणीत दिसायचं, चिरलं की आत काळपट सरकी आणि तिच्यात मुटकुळं करून बसलेली अळी.

काकांनी एक बोंड उचललं, अळी काडीने बाहेर काढली, चपलेखाली चिरडली.

"नऊ सांगता येत नाई का?"

मला वाटलं त्यांनी थट्टा केली. "काका, चौदा आहेत."

"हो. मले दिसलं."

"दहाच्या वर गेली की फवारावं लागतं. पुस्तिकेत तसंच आहे. निंबोळी अर्काने आता भागणार नाही. अळी बोंडाच्या आत आहे."

"म्हनून तं म्हनतो, नऊ सांगा. तुमचं आयकतीन ते. माहं नाई आयकत."

"पण का? पीक जाईल ना सगळ्यांचं."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठताना त्यांना नेहमी थोडा वेळ लागायचा. "पीक काय बाप्पा, पुढच्या सालीबी येते," म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून एका संस्थेत लागले होते आणि लहान शेतकरी सेंद्रिय शेतीकडे का वळतात, याच्या पाहणीचे बत्तीस पानी फॉर्म घेऊन खैरखेड्याला आले होते. गावाच्या नाल्याकडच्या अंगाला नऊ घरांची एक ओळ होती. कोणाकडे तीन एकरांच्या वर जमीन नव्हती, आणि नऊच्या नऊ घरांनी चार वर्षांपासून फवारणी बंद केलेली होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. खताला शेण, किडीला गोमूत्र आणि निंबोळी.

फॉर्मवर चोविसावा प्रश्न होता: सेंद्रिय शेती का सुरू केली? नऊही जणांनी एकच उत्तर दिलं होतं. माती सुधारते.

त्या उत्तराने मला छळलं होतं. मी मातीचे नमुने घेतले होते. ओळीच्या वावरांत सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के, नाल्यापलीकडे फवारणाऱ्यांच्या वावरांत ०.४३. म्हणजे फरक नाहीच. कापूस तर हे लोक पलीकडच्यांसारखाच त्याच व्यापाऱ्याला, त्याच भावाने घालायचे. शिवाय नऊ माणसांना एकाच खरिपात एकच कल्पना सुचत नाही. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, सगळी उत्तरं सारखी आली की उत्तर शोधायचं राहिलेलं असतं.

मी उतरले होते उदेभानकाकांकडेच. दीड खोलीचं घर. काकांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, मी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं.

"काकू, फवारणी का बंद केली हो सगळ्यांनी?"

"फारमात लिवलं ना तुमी?"

"लिहिलं. माती सुधारते."

"मंग झालं तं. भाकर घ्या, निवून राह्यली."

ओळीच्या टोकाला, कडुलिंबाखाली, सिमेंटच्या ओट्यावर एक लोखंडी पेटी पक्की बसवलेली होती. हिरवा रंग उडालेला, कडी गंजलेली, झाकण अर्धवट उघडं. आत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची. ती कसली, असं मी ओळीतल्याच शालिकच्या पोरीला विचारलं होतं.

"औषधाची," आचल म्हणाली. ती सात वर्षांची होती. "आता कोंबडीची हाये."

तिकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. मी पेटीचं माप घेतलं, फोटो काढला. अशा पेट्यांबद्दल मी शोधनिबंध वाचले होते. मोठ्या शेतकऱ्याकडे गोदाम असतं. दीड खोलीच्या घरात बाटली ठेवायला जागा नसते, ती आढ्याला टांगतात नाहीतर चुलीमागच्या सांदीत सरकवतात. रागाच्या भरात, भांडणात, हाताशी तीच येते. म्हणून सगळ्यांच्या बाटल्या घराबाहेर एका पेटीत, एका कुलपात. इतक्या आडगावात ही व्यवस्था होऊन गेलेली पाहून मला फार बरं वाटलं होतं. वहीत मी लिहिलं: "उत्तम. पुन्हा सुरू करण्याजोगी."

बैठक दहाव्या दिवशी दिवेलागणीला झाली, त्याच कडुलिंबाखाली. नऊ घरांतले नऊ पुरुष. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या; पुढे कोणी आली नाही.

शालिक चौधरी सगळ्यांत आधी बोलला. तिशीचा, कोरडा, खांदे पुढे पडलेला माणूस. घरात तो आणि आचल, दोघंच. कुटुंबाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'पत्नी: मयत.' कधी आणि कशाने, याला फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून मी विचारलं नव्हतं.

"मॅडम, बोंडं चिरली ना तुमी? किती निघाली ते सांगा."

मी काकांकडे पाहिलं नाही. "शंभरात चौदा."

कोणीतरी जिभेने चकचक आवाज केला. शालिक म्हणाला, "पाह्यलं? मी आठ दिवसांपासून बोंबलून राह्यलो. काका म्हनते थांब, थांब. थांबून काय बोंडाची पूजा करू?"

"वेचून टाकू ना," काका म्हणाले. "अळीनं मिटलेल्या डोमकळ्या बी वेचू. मानसं लावू."

"कोनती मानसं? तुमी अन् मी? वीस एकर पऱ्हाटी हाये ओळीची."

"माही तुले मनाई नाई शालिक. मी आपलं म्हनतो."

"काहून म्हनता, ते तरी सांगा एकडाव सगळ्यायसमोर!"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, जुन्या माणसाकडे मुद्दा नाही. विज्ञानाने बोलायची वेळ झाली, असं मला वाटलं.

मी बोलले. एक फवारणी केली म्हणजे माती मरत नाही, हे सांगितलं. कोणतं औषध, किती मिली, किती दिवसांच्या अंतराने, तेही. मग मी पेटीकडे हात केला. "आणि तुमच्याकडे तर इतकी छान सोय आहे. बाटली घरात न्यायचीच नाही. घरात बाटली असली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुलूप मी आणलंय."

खरंच आणलं होतं. आदल्या दिवशी तालुक्याला गेले होते तेव्हा, स्वतःच्या पैशांनी, पितळी. दोन किल्ल्यांपैकी एक मी मुद्दाम नाल्यात फेकून दिली होती, कारण अभ्यासात तसंच होतं: किल्ली एकच हवी, आणि ती एकाच विश्वासू माणसाकडे. हेही मी त्यांना सांगितलं.

दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी गोपिकाबाई आत निघून गेल्या.

"मग किल्ली कोणाकडे द्यायची?" मी विचारलं.

जो तो जमिनीकडे पाहत होता. मग शालिक म्हणाला, अगदी हळू, "उदेभानकाकाकडंच द्या. पयलेबी त्याह्यच्याकडंच होती."

मी किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली. टाळी वाजवावी असं माझ्या मनात आलं होतं, पण कोणीच वाजवत नाही म्हणून मीही थांबले. काकांनी किल्लीकडे पाहिलं, मग शालिककडे. शालिकने मान फिरवली.

"बरं," काका म्हणाले.

घरी आले तेव्हा गोपिकाबाई चुलीपुढे होत्या. तव्यावर भाकरी जळत होती, वास सुटला होता, पण त्या ती उलटत नव्हत्या. मी म्हटलं, "काकू, भाकरी." त्यांनी ती नुसत्या हाताने काढून बाजूला टाकली. "तुमचं चुकलं असं नाई म्हनत मी," त्या म्हणाल्या. "तुमाले कोनी सांगतलंच नाई." मी विचारलं, काय? त्या पुढची भाकरी थापायला लागल्या.

दोन दिवसांनी औषध आलं. नऊ घरांच्या बाटल्या पेटीत गेल्या. कोंबडीला काकांनीच टोपलीखाली हलवलं, अंड्यांसकट. त्याच दिवशी मला परत निघायचं होतं. दुपारची एसटी होती. सकाळी मी बॅग भरली आणि निरोप घ्यायला शालिकच्या वावराकडे गेले, कारण पहिली फवारणी त्याची होती आणि काका तिकडेच गेले आहेत असं कळलं.

शालिक पाठीवर पंप घेऊन उभा होता. तोंडाला त्याने गमछा घट्ट गुंडाळला होता. काका बांधावर बसले होते. बाटली त्यांच्या मांडीत. त्यांनी स्वतः झाकण उघडलं, स्वतः मापून बादलीत ओतलं, बाभळीच्या काडीने ढवळलं. वारा त्यांच्याकडेच येत होता. मला चार हातांवरून तो उग्र वास आला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काकांच्या तोंडाला काहीच नव्हतं. हातही उघडेच.

"काका, शालिकदादांना करू द्या ना. तुम्ही किल्ली सांभाळायची फक्त."

"बाटली मी कोनाच्या हाती देत नसतो."

शालिकने पंप भरून घेतला, माझ्याकडे न पाहता, आणि पऱ्हाटीच्या ओळीत शिरला. फवाऱ्याचा धूर हळूहळू बांधाकडे सरकायला लागला. काका जागचे हलले नाहीत. शालिकची पाठ आणि मांडीतली बाटली, दोन्हींवर त्यांचा डोळा होता.

"निदान तोंडाला फडकं तरी बांधा, काका!" मी जरा ओरडूनच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले. मी त्यांना बारा दिवसांत पहिल्यांदाच हसताना पाहत होते, आणि ते हसणं पाहवेना.

"मीबी हेच म्हनलं होतं तिले."

"कोणाला?"

"रंजनाले. ह्याच्या बायकोले." त्यांनी हनुवटीने शालिककडे दाखवलं. तो दूर, पऱ्हाटीच्या छातीइतक्या झाडांत, आमचं बोलणं ऐकू न येण्याइतका पुढे गेला होता. "पेटी नवीन होती. मानसं आलती शहरातून, तुमच्यासारखीच. चांगली मानसं. किल्ली मले देल्ली. दोन सालं चांगलं चाललं. कोनी सांजच्या पारी पिऊन आला, भांडून आला, का मी देतच नसो. तोंड पाहून देत होतो मी, बाई. मले वाटे, मले तोंड वाचता येते."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

"दुपारचे तीन वाजले असन. आली. डोक्यावर पदर, हातात विळा. म्हने, काका, धनी वावरात थांबले, बाटली द्या. म्या इचारलं कोनती? म्हने हिरव्या चिठ्ठीची. बरोबर तीच लागत होती त्या टायमाले. म्या कुलूप खोललं. बाटली तिच्या हाती देल्ली. अन् म्हनलं, बाई, वारा हाये, फवारतानी तोंडाले फडकं बांधजो."

शालिक ओळीच्या टोकाला पोचला, वळला, आणि पुन्हा आमच्या दिशेने यायला लागला.

"काय म्हणाली ती?"

"हो काका, म्हने. अन् हसली." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "शालिक वावरात नव्हताच त्या दिवसी. बाजाराले गेलता. मले मालूम होतं तो गेला हाये. माह्या घरापुढूनच गेलता सकाळी, रामराम करून. पन माह्या ध्यानातच नाई आलं. झाकन उघडतानी मानूस औषधाचा इचार करते, किती लागन, कवा लागन. पोट्टी तीन वर्साची होती, दारात बसून राह्यली होती. तिनंच पाह्यलं."

"म्हणून सगळ्यांनी..."

"कोनी ठरवलं नाई काही. पुढच्या पेरनीले पेटी तशीच उघडी राह्यली, अन् कोनी बाटली आनली नाई. बस. पेटी नाई तं घरात ठेवा लागते. घरात कोन ठेवन? मंग शहरातून लोक याले लागले, काहून काहून इचाराले लागले. त्याह्यले काय सांगाव? माती सुधारते म्हनलं. खुश होऊन जायचे."

मी म्हटलं, "काका, मला आधी सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं बोंडं नऊ निघाली असती का?"

खरं उत्तर 'नाही' असंच होतं. चौदाची नऊ मी केली नसती. एक मृत्यू ही एक नोंद असते, तिच्यावरून कोणी पिकाचा निर्णय घेत नाही, असं मी त्या वयात म्हणू शकले असते.

"किल्ली मला द्या," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाला तरी देऊ. मी बोलते सगळ्यांशी."

"नाई." त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या किल्लीवर हात ठेवला. "शालिकनं बरोबर केलं. त्यानं सगळ्यायसमोर माहंच नाव घेतलं. चार सालं तो माह्याशी बोलला नाई ह्या गोष्टीवर, एक शब्द नाई. रागावला नाई, शिवी देल्ली नाई. मी वाट पाहे. परवा बोलला. माह्याच हाती पाह्यजे होती ते."

शालिक जवळ आला. गमछा खाली ओढून त्याने पाणी मागितलं. काकांनी आपल्या हाताने त्याला दूर नेऊन, हात धुवायला लावून, तांब्यातून वरून पाणी पाजलं. मला एसटी गाठायची होती.

त्या हंगामात ओळीत तीन फवारण्या झाल्या. नऊ वावरं, तीनदा, म्हणजे सत्तावीस. सत्तावीसही वेळा बाटली काकांनी स्वतः वावरात नेली, स्वतः मिसळली, पंप रिकामा होईस्तोवर बांधावर बसून राहिले आणि बाटली मोजून परत पेटीत ठेवली. हे मला शालिकने नंतर सांगितलं. दिवाळीच्या आधी मी पहिल्या वेचणीचे आकडे घ्यायला काकांना फोन लावला, तर तो शालिकने उचलला. काका जिल्ह्याच्या दवाखान्यात आठ दिवस होते. आधी डोळ्यांना अंधारी, मग हातांना कापरं, मग श्वास; नवव्या दिवशी ते गेले. "अंगात मुरलं म्हने डाक्टर," शालिक म्हणाला. "फडकं बांधा, फडकं बांधा, आमी सारे म्हनत होतो. आयकलंच नाई बुढ्यानं." मग म्हणाला, "कापूस चांगला आला मॅडम. आकडे लिवून घेता काय?"

मी लिहून घेतले. पुढच्या वेचण्यांचा अंदाज धरून एकरी आठ क्विंटल. आदल्या वर्षीपेक्षा अडीचने जास्त.

जूनमध्ये पाहणीचा दुसरा टप्पा होता. मी खैरखेड्याला गेले नाही. फोनवर माहिती घेतली तरी चालेल, असं मीच वरिष्ठांना सुचवलं होतं. आज इतक्या वर्षांनी मला या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते. शालिक ओळीचा प्रमुख झाला होता, म्हणून फॉर्म त्याच्याकडूनच भरून घ्यायचा होता. पेरणी झाली का? झाली. पऱ्हाटी किती, तूर किती? सांगितलं. गोपिकाबाई कशा आहेत? बऱ्या आहेत, आचल त्यांच्याकडेच असते, तिथेच जेवते.

"औषध कोणतं आणलंय यंदा?"

"यंदा नाई फवारत आमी. पयल्यावानीच. गोमूत्र अन् निंबोळी."

माझं पेन चोविसाव्या प्रश्नावर येऊन थांबलं होतं. "का?"

"किल्ली घ्याले कोनी तयार नाई," शालिक म्हणाला. "सगळ्याले इचारलं. कोनी हात पुढं करत नाई. मीबी नाई केला." पलीकडून कोंबडीचा कलकलाट आणि आचलचं तिला हाकलणं ऐकू आलं. "पन ते नका लिवू मॅडम. माती सुधारते, लिवा."

मी लिहिलं.

"एक इचारू काय?"

"विचारा ना."

"त्या दिवसी किल्ली काकाले द्या म्हनलं ना मी. तो टोमना नव्हता. माहा दुसऱ्या कोनावर भरोसाच नव्हता. रंजनाच्या वक्ती बी त्याह्यचं काही चुकलं नव्हतं, तिनं ठरवलंच होतं. हे मी त्याह्यले बोललोच नाई कवा. कसं बोलाव ते समजे नाई. तुमी होत्या ना त्या दिवसी, वावरात. लय वेळ बोलत होते काका तुमच्याशी." त्याचा आवाज बारीक झाला. "त्याह्यले तसं वाटलं काय, की मी डाव धरला म्हनून? काही बोलले काय?"

माझ्यासमोर फॉर्म होता, त्याच्या शेजारी त्या दिवशीची वही. वहीत काकांचे शब्द मी एसटीत बसल्या बसल्या जसेच्या तसे उतरवून ठेवले होते.

"नाही," मी म्हटलं. "मातीबद्दलच बोलत होते."

पलीकडे आचल अजून कोंबडीला हाकलत होती.

"मंग ठीक हाये," शालिक म्हणाला. "पुढचा सवाल इचारा."